‘दोन वायरी जोडायचे हजारो रुपये?’ : जीपीएस फिटिंगच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या मेहुण्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली : ‘दाजी, तुमच्या लाईनीत एवढी लूट चालते?’ तो कोल्हापूर-गणपतीपुळे मार्गावर सतरा सीटर ट्रॅव्हलर चालवतो. मी वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, त्यातली सात-आठ वर्षं जीपीएस बसवतोय. हाच मेसेज त्याआधी तीन गिऱ्हाइकांनी दाखवला होता, तेव्हा मी सोडून दिलं. पण मेहुण्याने तो नुसता वाचला नाही, त्यात लिहिल्याप्रमाणे करून मोकळा झाला. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : जीपीएस ऑनलाइन दीड हजाराला मिळतं, दुकानदार आठ-दहा हजार घेतात. फिटिंग म्हणजे लाल आणि काळी अशा दोनच वायरी, दहा मिनिटांचं काम, शंभराच्या वर देऊ नका. वार्षिक रिचार्ज ही फसवणूक, घरातलं कुठलंही सिम घाला. सोबत मिळणारा रिले, म्हणजे दुरून वायरीतला करंट तोडणारा छोटा स्विच, लावून घ्या, चोर गाडी घेऊन पळाला तर मोबाईलवरून चालती गाडी जागेवर बंद करता येते. आणि शेवटी, 1 मेपासून सगळ्या गाड्यांना जीपीएस सक्तीचं, टोल उपग्रहावरून कापणार, तेव्हा घाई करा.

शेवटचं आधी संपवतो. 1 मे 2025 पासून देशभर उपग्रह टोल सुरू होणार ही अफवा होती. असा कुठलाही निर्णय झालेला नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केलं होतं. तरी मेसेज फिरतोच आहे.

आता दीड हजाराची गोष्ट. स्वतःच्या मोटारसायकलची किंवा घरच्या कारची जागा मोबाईलवर बघायची असेल, तर दीड हजाराचं यंत्र चालतं. मी स्वतः तशी बसवतो. पण प्रवासी गाडीचा मामला वेगळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 125 एच हा नियम वाचा. प्रवासी वाहतुकीच्या गाडीत ठावठिकाणा सांगणारं उपकरण आणि आणीबाणीचं बटण, दोन्ही हवीत. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना सूट आहे. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या गाड्यांना हे लागू आहे, आणि उपकरण एआयएस-140 या मानकाचं लागतं. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं हे मानक कुणालाही वाचता येतं. गाडीची बॅटरी तोडली तरी यंत्र आतल्या बॅटरीवर चार तास चाललं पाहिजे. नेटवर्क नसेल तर 40,000 नोंदी साठवून नंतर पाठवता आल्या पाहिजेत. सिम आतच बसवलेलं हवं. यंत्राचा क्रमांक ‘वाहन’ या गाड्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत त्याच गाडीच्या चॅसी नंबरशी जोडलेला हवा. दीड हजाराच्या डबीत यातलं काय असतं ते उघडून बघा.

शेजारच्या कर्नाटकात सरकारनेच दर ठरवून दिला, तो उपकरण आणि पॅनिक बटण मिळून 7,599 रुपये, जीएसटी वेगळा. अठरा टक्के धरले तर नऊ हजारांच्या आसपास जातं. जिथे सरकारने हिशेब घालून आकडा काढला तिथे तो एवढा आला, ही एकच गोष्ट त्या मेसेजच्या पहिल्या मुद्द्याला पुरेशी आहे.

रिचार्जचंही तेच. या यंत्रात मशीनसाठीचं तेरा आकडी नंबराचं सिम असतं, आणि यंत्राकडून आलेली माहिती घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर कुणीतरी चालवत असतो. त्याचे पैसे लागतात. घरातलं सिम घातलं की महिन्याचा रिचार्ज विसरला जातो आणि गाडी नकाशावरून गायब होते.

आता दोन वायरींकडे येतो. मेहुण्याच्या गाडीत कंपनीकडून आलेलं उपकरण होतं, फक्त त्याच्या रिचार्जची मुदत संपली होती. मेसेज वाचून त्याने ते काढून टाकलं, ऑनलाइन एक मागवलं आणि हायवेलगतच्या एकाकडून तीनशे रुपयांत बसवून घेतलं. मी डॅशबोर्ड खाली उतरवला तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. लाल वायर गाणी वाजवायच्या टेपच्या मेन सप्लायला नुसती पिळून जोडलेली होती आणि वर काळी चिकटपट्टी. चिकटपट्टीचा डिंक उन्हाने पाघळून वायर उघडी पडली होती, आणि ती स्टीअरिंगच्या पट्टीला घासून तिच्यावरचं आवरण गेलं होतं. मध्ये फ्यूज कुठेच नव्हता. दोन-तीन रुपयांचा फ्यूज! सतरा माणसं मागे बसलेली असताना ती वायर बॉडीला टेकली असती तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही.

आणि रिले. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. त्या माणसाने डिझेल पुरवठ्याची वायर कापून मध्ये रिले घातला होता, तोही सैल. आंबा घाटात उतारावर तो रिले सुटला असता तर इंजिन बंद, स्टीअरिंग दगडासारखं जड, आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार वेळा पाय दाबला की संपते. मोबाईलवर चुकून बोट लागलं तरी हेच होणार. चालती गाडी बंद करण्यासाठी रिले कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून लावू नका. मी लावतो तो फक्त स्टार्टरच्या लाईनवर. उभी गाडी सुरू होऊ नये, एवढंच त्याचं काम.

नीट फिटिंगला काय लागतं तेही सांगतो. मीटर लावून कायमचा सप्लाय, इग्निशन आणि अर्थिंग, तिन्ही शोधायचे. पिवळ्या आवरणाच्या वायरीला हातही लावायचा नाही, ती एअरबॅगची असते. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायची, फ्यूज घालायचा. ट्रॅव्हलरमध्ये सीटांजवळच्या बटणांपर्यंत छताच्या पॅनलखालून वायर ओढायची आणि एकेक बटण दाबून इशारा पोहोचतो का ते बघायचं. माझा मुलगा मदतीला असला तरी अडीच-तीन तास जातात.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. लूट अजिबात नाही असं नाही. पासिंगची तारीख तोंडावर आली की आरटीओबाहेर काही जण वाटेल तो आकडा सांगतात आणि नूतनीकरणाचे पैसे बिलाशिवाय घेतात. मेहुण्यालाही आधी तोंडी सात हजार सांगितले होते, कशाचे ते सांगितलं नव्हतं. म्हणून तो त्या मेसेजला भुलला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे दर महाराष्ट्रात परिवहन विभागाने जाहीर केले, दुचाकीला 450, कारला 745, जीएसटी वेगळा. त्यामुळे निदान भांडायला एक आकडा हातात असतो. नियम 125 एच मध्ये मात्र किमतीचा उल्लेखही नाही.

म्हणून मी माझ्या दुकानात पाटी लावली आहे. साधा ट्रॅकर बसवायला 500. एआयएस-140 बटणांसह ट्रॅव्हलरला 1,500, बसला 2,500. गावाबाहेर यायचं तर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. यंत्राची किंमत, फिटिंग आणि सर्व्हरचं शुल्क बिलावर तीन वेगळ्या ओळींत. कुठेही गेलात तरी अशा तीन ओळी मागा, आणि दुकानातून निघण्याआधी ‘वाहन’वर तुमच्या गाडीपुढे उपकरण चालू दिसतंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मेहुण्याचं जुनं यंत्र मी पुन्हा बसवलं, नूतनीकरण पावतीसह करून दिलं. कापलेली डिझेलची वायर जोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याला सांगितलंय, ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथेच हे टाक.