विराणीचा रकाना

सोसायटीच्या दिवाळी पहाटेची गाण्यांची यादी करायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला सेक्रेटरी कागद देतात तो आधीच आखलेला. तीन रकाने: भक्तिगीतं, भावगीतं, नाट्यगीतं. मध्यंतराआधी 9 गाणी, नंतर 9, मध्ये चहा आणि फराळ. भूपाळी पहिल्या रकान्यात मुकाट जाऊन बसते. तिसरा रकानाही सोपा. शब्द कळत नाहीत आणि ताना संपत नाहीत ते नाट्यगीत, असा लोकांचा समज आहे आणि तो फारसा चुकत नाही. माझं घोडं पेंड खातं ते विराणीपाशी.

विराणी म्हणजे विरहिणीचं गाणं; संतांच्या विराणीत तिचा सखा म्हणजे देव. ज्ञानेश्वरांची 'घनु वाजे घुणघुणा' घ्या. ढग वाजतोय, वारा रुणझुणतोय, चांदणं आहे, चाफा आहे, आणि बाईंना यातलं काही म्हणजे काही नको. थंडाव्यासाठी घातलेली 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी'. फुलांची शेज आगीसारखी भाजते, ती विझवा. कोकिळेला आवरा. आणि हे कुणी लिहिलंय, तर 1296 साली, एकविशीतच आळंदीला समाधी घेतलेल्या माणसानं. भावगीतांत टाकावं तर पहिल्या रांगेतले माळकरी काका चहा न घेता उठणार. भक्तिगीतांत टाकावं तर निवेदिका 'शेज' शब्दापाशी आवंढा गिळणार.

जाणकार पहिला उपाय सांगतात तो शेवटची ओळ बघण्याचा. तिथे नाममुद्रा, म्हणजे कवीची नावाची खूण, असते. 'एका जनार्दनी' म्हणजे एकनाथ, 'नामयाची जनी' म्हणजे जनाबाई, 'बापरखुमादेविवरु' म्हणजे ज्ञानेश्वर. उपाय चोख आहे, पण तो छापील पुस्तकात. कार्यक्रमात गाण्याला मिळतात 5 मिनिटं, त्यातली दीड आलापात जातात, मग गायिका मुखडा आणि दोन कडवी म्हणते आणि मुद्रेचं कडवं गाळते. पाकिटावरचा पत्ता फाटल्यावर पोस्टमन तरी काय करणार, पत्र दिसेल त्या दारात टाकतो. 'पैल तो गे काऊ'चं बरं आहे. त्यातली बाई कावळ्याला सोन्यानं पाय मढवायचं, दहीभाताच्या उंडीचं, दुधाच्या वाटीचं आमिष दाखवते, पण पाहुण्याचं नाव पहिल्याच कडव्यात 'पंढरीराऊ' असं सांगून मोकळी होते. देवाचं नाव लवकर आलं तर गाणं निर्धास्त पहिल्या रकान्यात ढकलावं. उशिरा आलं, तर तोवर श्रोत्यांनी आपापलं नाव घालून घेतलेलं असतं.

शिवाय मुद्रा गायली म्हणून सुटका होते असंही नाही. 'रखुमादेविवरु' या शब्दाची फोड करा. रखुमाईचा नवरा! म्हणजे विरहिणी जिच्या नवऱ्यासाठी पोळून निघालीय, तिच्याच नावानं त्याची ओळख सांगते, आणि वर त्याला 'बाप' म्हणते. नात्यांचा एवढा गुंता कुठल्याही भावगीतात घातला असता तर गाणं आकाशवाणीच्या दारातूनच परत आलं असतं.

दुसरा उपाय वादकांचा. तबलजीला शब्दांशी कर्तव्य नसतं, तो विचारतो, "ठेका कुठला?" भजनी ठेका, 8 मात्रा, सोबत टाळ असं सांगितलं की समोरच्या ओट्यावरच्या आज्या पदर सावरून हात जोडतात. त्याच शब्दांना 6 मात्रांचा दादरा लावा, टाळ काढून बासरी घाला, की नवी जोडपी एकमेकांकडे बघायला लागतात. विठ्ठल दोन्ही वेळा तोच आणि तिथेच असतो. टाळ ही फारच जबरदस्त वस्तू आहे. पावसावरच्या गाण्यात नुसती मागून वाजवली तरी मंडळी प्रसादाची चौकशी करतात. म्हणून ठेक्यावरून अर्थ ठरवू नये. ठेका संगीतकारानं निवडलेला असतो, बहुतेक वेळा कवीनंतर सहा-सातशे वर्षांनी.

तिसरा उपाय निरूपणकारांचा आणि तो सगळ्यांत घातक. त्यांच्याकडे कोष्टक तयार असतं. घर म्हणजे देह, सासू म्हणजे माया. तीन आले की गुण, पाच आले की प्राण किंवा ज्ञानेंद्रियं, सहा आले की रिपू, नऊ आले की देहाची दारं. खोट एकच आहे, हे कोष्टक कधी 'नाही' म्हणत नाही. पाच कांदे, सहा लिंबं आणि नऊ केळी अशी बाजाराची यादी दिली तरी ते तिला मोक्षाला पोचवतं. एकनाथांनी 'मला दादला नलगे बाई'मध्ये संसार खरंच परमार्थासाठी वापरलाय. पण त्यांची बाई फाटकं लुगडं, भाजीवर न पडलेली तेलाची धार आणि पलंगाची तुटकी नवार अशी एकेक तक्रार नोंदवत जाते. अध्यात्म शेवटी येतं, आधी नवार दुरुस्त करून मिळेल का ते बघावंसं वाटतं.

हे सगळं करून थकल्यावर मी एक साधी कसोटी धरली आहे: धिटाई मोजायची. मराठी भावगीतातली नायिका सभ्य असते. तिला नजर वर करायला एक कडवं लागतं, नाव न घ्यायला दुसरं, आणि तिसऱ्यात चंद्र ढगाआड जातो. उलट जनाबाई बघा. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी', आणि त्याच अभंगाच्या शेवटी देवालाच सांगते, मी वेसवा, म्हणजे वेश्या, झाले, तुझ्या घरात शिरले. हे माणसासाठी लिहायची कुणाची छाती आहे? तेव्हा गाणं जितकं निलाजरं, तितकं ते देवाचं असण्याचा संभव जास्त.

कसोटी उलट बाजूनंही टिकते. पहिल्या रकान्यात निर्धास्त बसवलेली ती भूपाळी, 'घनश्याम सुंदरा', लिहिली 'होनाजी बाळा' या जोडीतल्या होनाजीनं. पेशवाईच्या अखेरीस लावणीवर नाव कमावलेला हा शाहीर, 1951च्या 'अमर भूपाळी'मुळे घरोघरी पोचलेला. लावणीत जो शृंगाराला मागेपुढे बघत नाही, तो कृष्णाला उठवताना गाई, धारा, क्षीरपात्र यांपलीकडे पाऊल टाकत नाही. त्यात 'उदयाचळी मित्र आला' असं आहे, तिथे मात्र जपावं. मित्र म्हणजे सूर्य. निवेदिकेला आधी सांगून ठेवलं नाही तर ती पहाटे साडेपाचला सख्याची वाट पाहणाऱ्या गोपीवर दोन वाक्यं बोलून जाते.

म्हणजे हिशेब असा झाला: संताचं गाणं अंग पोळल्याचं, शाहिराचं गाणं धार काढायचं, आणि माझ्या हातात तीन रकान्यांचा कागद. चौथा रकाना आखू या, नुसता 'विराणी' म्हणून, असं सेक्रेटरींना सुचवलं की ते कागद उलटासुलटा करून बघतात. "आखा की, पण मग चहा कुठे लिहायचा?"