काकूंची सही कुठून आणू?

इथे इंग्लंडमध्ये कुणा वयस्कर माणसाचे घरात हाल होताहेत अशी शंका आली तर काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवणं अगदी सोपं आहे. वेबसाइटवर फॉर्म आहे, फोन आहे, रात्री-अपरात्रीसाठी वेगळा नंबर आहे. स्वतःचं नाव न सांगताही कळवता येतं. पण कळवूनही काही झालं नाही, तर त्याची तक्रार करून बघा. मी सध्या तेच करतेय आणि डोकं फिरायची वेळ आली आहे.

काकू आमच्या मंडळातल्या. (ओळख पटेल असे तपशील गाळलेत, उगाच अंदाज बांधत बसू नका.) तरुणपणी नवऱ्यामागून इकडे आल्या, फॅक्टरीत पॅकिंग केलं, पेन्शन स्वतःच्या हक्काची आहे. हल्ली विसरायला होतं, आणि विसरायला लागल्या तसं आधी इंग्रजी गेलं. यंदा गणपतीत भेटल्या तेव्हा हात वर केला की बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. बँकेचं कार्ड मुलाकडे. "मागितलं की ओरडतो गं," एवढंच म्हणाल्या आणि उरलेला प्रसाद कागदी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

मी कळवलं. पुढे काय झालं ते मला काउन्सिलने नाही, काकूंनीच सांगितलं. कुणा बाईचा फोन आला होता, मुलाने घेतला, "लायब्ररीवाली आहे, बरी आहेस ना विचारतेय" म्हणाला. काकू म्हणाल्या, बरी आहे. त्याने ते इंग्रजीत सांगितलं. झाली चौकशी!

ज्याच्याबद्दल शंका, तोच दुभाषी. हा काही कायद्यातला दोष नाही. २०१४ च्या केअर ॲक्टचं सेक्शन ४२ स्पष्ट आहे. माणसाला देखभालीची गरज आहे, त्याचा छळ किंवा हेळसांड होतेय वा होण्याचा धोका आहे, आणि त्या गरजांमुळे तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, असं वाटायला सबळ कारण असेल तर काउन्सिलला चौकशी करावीच लागते. ज्याला ही प्रक्रिया समजायला, स्वतःचं म्हणणं मांडायला फार जड जातं आणि बाजूने बोलणारं योग्य माणूस नाही, त्याला सेक्शन ६८ खाली स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याच्या बाजूने बोलणारा माणूस) द्यायचा असतो. चौकशीत ज्याच्यावर संशय आहे तो हे 'योग्य माणूस' होऊ शकत नाही, असं सरकारी मार्गदर्शिकेतच आहे. कागदावर सगळं चोख. पण ही सगळी संरक्षणं चौकशी सुरू झाल्यावरची, आणि बहुतेक प्रकरणं त्याच्या आधीच्या गाळणीतच अडकतात. २०२२-२३ मध्ये इंग्लंडभरातून सुमारे ५ लाख ८८ हजार वेळा अशी काळजी कळवली गेली, आणि सेक्शन ४२ खालच्या चौकश्या सुरू झाल्या सुमारे १ लाख ७३ हजार.

सगळ्याच चौकशीलायक नसतात, हे मान्य. पोलीस आणि ॲम्ब्युलन्सवाले पुष्कळ गोष्टी सरसकट पुढे ढकलतात. काउन्सिलांची तिजोरीही रिकामी आहे. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम दोघांनी हात वर केले. सोशल वर्करवर माझा राग नाही. पण गाळणीत काय विचारलं, कुणाला विचारलं, का बंद केलं, हे बघणारं कोण?

तर मी तक्रार केली. तीन कामाच्या दिवसांत पोच द्यायची असा २००९ चा नियम आहे, ती वेळेत आली. नंतरचं पत्र असं: आपण कुटुंबातल्या नाही, त्यांच्या प्रतिनिधीही नाही, तेव्हा त्यांची लेखी संमती जोडावी. सोबत कोरा फॉर्म. म्हणजे मी काकूंच्या घरी जायचं, मुलगा दार उघडणार, चहा होणार, आणि त्याच्यासमोर इंग्रजी फॉर्म पुढे करून म्हणायचं, काकू, इथे सही करा, तुमच्या मुलाबद्दल आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे चित्र एकदा तरी आलं असेल का?

ओम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जावं तर आधी काउन्सिलची पायरी पूर्ण करा, प्रकार कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत या, आणि तिथेही दुसऱ्याच्या वतीने बोलायचं तर पुन्हा संमतीचा प्रश्न. ते बघतात तेही निर्णय कसा घेतला हे. तो पटला की नाही हे नाही. हे एकवेळ चालेल, कारण माझं भांडणही 'कसा' यावरच आहे.

खासगीपणाचं कारण मला कळतं. काकूंच्या घरात काय निघालं ते मला सांगू नका, माझा तो हक्कही नाही. पण "वाचलं, त्यांच्याशी एकट्यात, त्यांच्या भाषेत बोललो" एवढं कळवल्याने कुणाचं गुपित फुटतं? स्कॉटलंडच्या २००७ च्या कायद्याने काउन्सिलच्या अधिकाऱ्याला घरात जाऊन एकांतात बोलायचा अधिकार दिला आहे. वेल्समध्येही त्यासाठी आदेश मिळवता येतो. इंग्लंडच्या केअर ॲक्टमध्ये तशी तरतूद नाही. त्यामुळे इथे तो पहिला फोन कोण उचलतो यावर सगळं ठरतं.

आपल्यातलेच काही म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं? पोरगं करतंय ना आईचं?" करतंय, आणि बहुधा थकलंयही. त्याला बेड्या पडाव्यात असं माझ्या मनात नाही. आईबापाचं करणाऱ्यांच्या स्वतःच्या गरजा तपासून मदत द्यायची सोयही ह्याच कायद्यात आहे. नीट चौकशी झाली असती तर कदाचित त्याचंच ओझं आधी हलकं झालं असतं. शिवाय इकडे केअर व्हिसावर, म्हणजे देखभालीच्या कामाच्या व्हिसावर, आलेल्या आपल्या मुली रोज अशा घरांतून काम करतात. त्यांना दिसतं, पण व्हिसा मालकाच्या हातात असताना बोलायची छाती किती जणींना होणार? मग बाहेरचं माणूसच उरतं, आणि त्याला सांगतात सही आणा.

आता नव्याने कळवताना मी फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिलं आहे: भाषा मराठी, मुलाला दुभाषी करू नये, डे सेंटरवर एकट्या भेटतात, ॲडव्होकेट द्यावा, चौकशी करणार नसाल तर कारण नोंदवून ठेवावं. काकूंच्या जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरलाही, तेच पत्र दिलं. ते माझ्याशी चर्चा करू शकत नाहीत, पण पत्र फाइलला लागतं. इथे कुणी संमतीशिवाय ओम्बड्समनपर्यंत पोचलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. बारा महिन्यांतले बरेचसे संपलेत.