बोंडलं वेगळं, बाटली वेगळी

नाना, नमस्कार. औषध म्हणून प्यायच्या चांदीच्या पाण्याने, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हरने, कातडी निळी पडते असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘चांदीच्या बोंडल्याने दूध पिऊन आमच्या चार पिढ्या वाढल्या, बर्फीवरचा वर्ख खाल्ला, कोणी निळं पडलं नाही. लोकांना उगाच घाबरवू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. बोंडल्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. जळगावच्या सराफ बाजारातून बारशाला आणलेली वाटी खुशाल वापरा. घट्ट धातूची चांदी पोटात फारशी विरघळत नाही आणि वर्ख असतोच किती!

मी लिहिलं होतं ते कोलॉइडल सिल्व्हरच्या बाटलीबद्दल. त्या पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात. ते रक्तात जातात आणि कातडीत साठतात. तिथे ऊन लागलं की जुन्या फोटोच्या फिल्मवर घडायचं तेच घडतं, चांदी काळवंडते. म्हणून रंग आधी चेहरा, मान, हात इथे दिसतो. हाताच्या नखांच्या मुळाशी असलेली अर्धचंद्राची पांढरी कोर निळसर-राखाडी होते, पायाची नखं बहुधा तशीच राहतात. आपल्याकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला असं झालं, तर घरचे म्हणतील, उन्हाने रापला. पुढची कित्येक वर्षं बाटली चालूच राहील. मला काळजी आहे ती याची.

चांदीने कातडी अशी निळसर-राखाडी होण्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेत स्टॅन जोन्स नावाच्या राजकारण्याने १९९९ साली, २००० उजाडताना संगणक कोलमडून औषधं मिळेनाशी होतील या भीतीने, हे पाणी घरी बनवून प्यायला सुरुवात केली. २००२ ची निवडणूक त्याने निळसर-राखाडी चेहऱ्याने लढवली. त्याच १९९९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर केलं होतं, की पोटात घ्यायचं कोलॉइडल सिल्व्हर कुठल्याही आजारावर सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाही.

काळे पडलेले पैंजण रिठ्याच्या पाण्याने उजळतात, नाना. कातडीतली चांदी नाही निघत. बाटली बंद केली तरी डाग राहतो. लेझरने काहींचा रंग फिका झालाय, पण ते दुखरं आणि खर्चिक काम आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत, ‘आमची ही सहा महिने रोज दोन चमचे घेते, काही व्हत नही.’ त्या ओळीसाठी हे एवढं लिहिलं. काकूंना आजच थांबवा. सकाळच्या उजेडात त्यांच्या हाताची नखं पाहा, शेजारी तुमची धरा. फरक वाटला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि बाटली सोबत घ्या. निळेपणा पाहून आधी हृदयाची, फुप्फुसाची शंका येते. बाटली समोर असली की डॉक्टरांना मूळ कारण लगेच कळेल. काय म्हणाले ते इथे कळवा, मी वाट पाहतोय.