सिंधुरक्षक आणि ‘नुसती हवा भरली असती तरी’

१४ ऑगस्ट जवळ आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा तो चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: मुंबईच्या गोदीत जेमतेम तीस फूट पाण्यात बुडालेली ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी नौदलाला दहा महिने काढता आली नाही. टाक्यांत हवा भरली असती, नाहीतर मोठी क्रेन लावली असती, तर आठवड्यात काम झालं असतं. रशियाने आपली बुडालेली ‘कुर्स्क’ पाणबुडी शंभर मीटरवरून स्वतः वर काढली, आपण मात्र परदेशी कंपनीला २४० कोटी मोजले. आणि एवढं करून ती परत समुद्रातच बुडवली!

माझा नौदलाशी संबंध नाही. पण भोसरीत फॅब्रिकेशनमध्ये तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे टाक्या, दाब आणि अवजड माल उचलणं यातलं थोडंफार कळतं. काकांना ग्रुपवर उत्तर देऊन झालं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी हवेचं बघू, कारण संदेशातला सगळ्यात पटणारा मुद्दा तोच आहे. पाणबुडी टाक्यांत पाणी घेऊन खाली जाते आणि दाबाची हवा सोडून ते पाणी हाकलून वर येते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण या टाक्या तळाशी उघड्या असतात. हवा राहते ती फक्त वरचा पत्रा शाबूत असेल तर. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर स्फोट झाले ते पुढच्या भागात, जिथे टॉर्पेडो ठेवतात तिथे. तिथलं पोलाद फाटलं. फाटक्या टाकीत हवा सोडली की ती बुडबुडे होऊन निघून जाते.

बरं, सगळ्या टाक्या धड होत्या असं धरून चाला. या जातीच्या पाणबुडीचं वजन पृष्ठभागावर साधारण २३०० टन आणि बुडी मारल्यावर ३००० टनांच्या आसपास. म्हणजे टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या तरी उचल मिळते सुमारे ७०० टनांची. एखादा कप्पा भरला तर तेवढ्यात निभावतं. इथे माणसं राहतात त्या आतल्या भागातच पाणी शिरलं होतं, आणि ते ७०० टनांच्या कितीतरी पलीकडचं. हिशेब इथेच संपतो.

आता क्रेन. आमच्या आजोळी, शनिवार पेठेतल्या वाड्यात, आड होता. भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत दोर दोन बोटांनी ओढला तरी येते. तिचा काठ पाण्याबाहेर आला की खरं वजन कळतं. पाणबुडीचं तेच. पाण्याखाली असताना पोलादाचं वजन थोडं कमी भरतं, म्हणजे माझ्या ढोबळ हिशेबाने दोन हजार टनांच्या आसपास. आतलं पाणी तसंच ठेवून बाहेर उचलायला गेलात तर हा आकडा दुपटीच्या वर जातो. शिवाय मुंबई बंदराचा गाळ. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पुलाजवळ नदीपात्रात लावलेल्या गाड्या अडकतात, त्या काढताना कधी बघितलंय? पाणी ओसरल्यावर चाकं चिखलात रुतलेली असतात. घाईने हुक लावून ओढलं की बंपर हातात येतो. इथे तर पुढचं धूड आधीच फाटलेलं, आणि आत न फुटलेला दारूगोळा असण्याची शक्यता. झटका द्यायची कोणाची छाती होणार?

खोली कमी होती हे खरं. पण गढूळ पाण्यात पाणबुड्यांना हातभर पुढचंही दिसत नव्हतं, आणि स्फोटाच्या उष्णतेने आत जायची झाकणंच वाकून बसली होती. (आपल्या भाषेत बुडणारं जहाज पाणबुडी आणि त्याला शोधायला उतरणारा माणूस पाणबुडा. दोघं एकाच वाक्यात आले की लिहिणाऱ्याची पंचाईत.)

आणि वर येऊ लागली म्हणजे जिंकलं असंही नाही. १९३९ च्या मे महिन्यात अमेरिकेची ‘स्क्वालस’ सुमारे २४० फुटांवर बुडाली. ३३ जण जिवंत निघाले, २६ गेले. मग ती उचलायला हवेचे पोकळ पिंप, म्हणजे पाँटून, बांधले. जुलैत पुढचं टोक एकदम पाण्याबाहेर उसळलं, बांधणी सुटली आणि पाणबुडी पुन्हा तळाला गेली. कारण साधं आहे: वर येताना पाण्याचा दाब घटतो, आतली हवा फुगते, उचल वाढते, वेग वाढतो, हवा आणखी फुगते. त्यात अर्धवट भरलेल्या कप्प्यांतलं पाणी एका बाजूला धावतं. पाण्याचा अर्धा भरलेला टँकर चांदणी चौकाच्या वळणावर कसा हेलकावतो, तो बघा. ‘स्क्वालस’ शेवटी सप्टेंबरात निघाली.

कुर्स्कबद्दल संदेशात अर्धंच सांगितलंय, आणि तेही चुकीचं. ती १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात १०८ मीटरवर गेली, ११८ जणांसह. वर आली ऑक्टोबर २००१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चौदा महिन्यांनी. काढली कोणी? मॅमुट आणि स्मिट या डच कंपन्यांनी. कवचाला २६ भोकं पाडून २६ ठिकाणी जाड केबल अडकवल्या आणि वरच्या ‘जायंट ४’ नावाच्या बार्जवरून (सपाट तळाचं मालवाहू जहाज) खेचली. लाटेने बार्ज वरखाली झाला तरी केबलवर झटका बसू नये म्हणून वेगळी यंत्रणा होती. आणि स्फोट झालेला पुढचा भाग? तो आधी कापून तळालाच ठेवला! अणुपाणबुड्या बांधणाऱ्या देशाला हे काम बाहेर द्यावं लागलं, कारण जहाज बांधणं आणि बुडालेलं उचलणं हे वेगवेगळे धंदे आहेत.

‘रेस्क्यू व्हेईकल का नाही वापरलं’ अशीही एक ओळ संदेशाला नंतर कोणीतरी चिकटवली आहे. ते वाहन धड पाणबुडीतून जिवंत माणसं काढायचं असतं, आणि आपल्या नौदलात ते २०१८ मध्ये आलं.

२४० कोटी पाण्यात गेले, हा टोमणा ऐकायला बरा आहे. पण ही पाणबुडी पुन्हा चालवण्यासाठी काढलीच नव्हती. चालू गोदीतला धक्का अडला होता, आत दारूगोळा होता, बॅटऱ्या होत्या (लेड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी गेलं की क्लोरीन वायू सुटतो), तेल होतं. आत अठरा जण होते, आणि त्या वेळी सगळ्यांचे अवशेष मिळालेले नव्हते. स्फोट कशाने झाला तेही शोधायचं होतं. हाताळणीचे ठरलेले नियम कुठेतरी मोडले गेले, असं पुढे मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री म्हणून संसदेत सांगितलं. बाहेर काढल्यावर सांगाडा कमांडोंच्या सरावाला वापरला आणि २०१७ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात तीन हजार मीटर खोलीवर सोडला. नौदलाची पाणबुडी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर नेऊन विकायची होती का?

राहिले दहा महिने. ही बेरीज बरोबर आहे, फोड मात्र चुकीची. करार झाला ३१ जानेवारी २०१४ ला. पाणबुडी वर आली ६ जून २०१४ ला, पाऊस तोंडावर असताना. म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागले चार महिने आणि वर काही दिवस. त्याआधीचे साडेपाच महिने गेले कंपनी ठरवून करार होईपर्यंत. एवढी लांब किनारपट्टी असलेल्या देशाला कंपनी ठरवायला एवढा वेळ का लागावा, असा संदेश कोणी लिहिला तर काकांच्या आधी मी तो पुढे पाठवीन.