‘लहान मुलांना सांभाळायला कसलं आलंय ट्रेनिंग?’

सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, एक्केचाळिसाव्या वर्षी बालशिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा कशाला? स्वतःची दोन वाढवलीस ना? लहान मुलांना सांभाळायला कसलं आलंय ट्रेनिंग?" तिथे मला धड उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

घणसोलीतल्या एका खासगी शिशुवर्गात मी सात वर्षं टीचर होते. बीकॉम, मुलांची आवड आणि बरं इंग्रजी, एवढ्यावर नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी हातात वर्कशीटचा गठ्ठा आला आणि मी 'टीचर' झाले.

माझ्या वर्गात गावठाणातला एक मुलगा होता, साडेतीन वर्षांचा. तो पेन्सिल धरायचा नाही. मी त्याचा हात घट्ट धरून स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन गिरवून घ्यायचे. तो रडायचा. मी डायरीत शेरा लिहायचे, 'घरी सराव घ्या.' घरात आगरी बोलणारं ते लेकरू. "मना पानी दे" म्हणालं की मी आधी "मे आय ड्रिंक वॉटर" म्हणायला लावायचे आणि मग बाटली द्यायचे. हळूहळू त्याने पाणी मागणंच सोडलं. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

हे लिहिताना आजही पोटात खड्डा पडतो.

आता कोर्ससाठी रोज ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला जाते. तिथे पहिल्यांदा शिकवलं ते बघायला. एका मुलाजवळ वीस मिनिटं बसायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, 'मुलगी हट्टी आहे.' मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हट्ट दिसला का तुम्हाला? काय दिसलं ते लिहा." दुसऱ्या दिवशी परत बसले. तीच मुलगी एका छोट्या जगमधून दुसऱ्यात मसूरडाळ ओतत होती. अकरा वेळा. दरवेळी चार दाणे सांडायचे. ती जीभ बाहेर काढून एकेक दाणा उचलायची, अंगठा आणि शेजारची दोन बोटं वापरून. पेन्सिल धरायला लागतात तीच तीन बोटं! तिला कुणी 'सराव कर' म्हटलं नव्हतं.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं पुरती तयारही झालेली नसतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. सात वर्षं शिकवून झाल्यावर. माया मला तेव्हाही होती हो, भरपूर होती. पण नुसत्या मायेला मनगटातलं हाड दिसत नाही.

आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. महागडी साधनं नव्हती, तर बिया, खडे, शिंपले घेतले. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलाच्या घरची भाषा त्यांनी वर्गाबाहेर ठेवली नाही. इथून दोन-तीन तासांवर घडलेली ही गोष्ट मला नोकरी देताना कुणी सांगितली नाही, आणि मीही कधी शोधली नाही.

शिक्षण हक्क कायदा मोजतो ६ ते १४ वर्षं. त्याआधीची मुलं बराच काळ 'खेळायला जातात' या सदरात राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं त्यातच लिहिलंय. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम सुचवलाय. मग चकचकीत प्लेग्रुपमधल्या टीचरला काहीच नको?

"ऑनलाइन दोन महिन्यांत सर्टिफिकेट मिळतं की," असं मला कितीजणींनी सांगितलं. थिअरी मिळेलही. पण मधल्या सुट्टीत एक चावतोय, एकीने चड्डी ओली केलीय आणि तिसरा दारात आईसाठी हुंदके देतोय, तेव्हा आधी कुणाकडे वळायचं हे वर्गात उभं राहूनच कळतं, आणि तेही मागे कुणी जाणतं माणूस उभं असेल तर.

पालकांनो, अॅडमिशनला गेलात की एसी, सीसीटीव्ही, व्हॅन हे सगळं विचारता. टीचर काय शिकलीय, कुठे शिकलीय, तिला पगार किती देता, हेही विचारा ना! शिकलेल्या बाईला घरकामाइतके पैसे दिले तर ती टिकणार कशी?

सरावपाठाच्या वर्गात आता कुणी "मना पानी" म्हणालं की मी आधी पाणी देते.

गेल्या महिन्यात त्या मुलाची आई बाजारात भेटली. तो तिसरीत गेलाय. म्हणाली, अक्षर सुरेख आहे आता, फक्त वर्गात तोंड उघडत नाही, बाईंची सारखी तक्रार असते. मी तिला बाजूला घेतलं, पाण्याच्या बाटलीची सगळी गोष्ट सांगितली आणि माफी मागितली.