जुना कॉम्प्युटर म्हणजे भंगार? त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत सात-आठ जणांनी पाठवलाय. आधी बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, मग निपाणीच्या मेव्हण्याकडून, मग खानापूर तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकाकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० बंद. २०१८ च्या आधीचा कॉम्प्युटर भंगारात काढा. त्यावर बँकेची साइट उघडली की पैसे गेलेच. नवीन घेणं जमत नसेल तर ५०० रुपयांत विंडोज ११ घालून मिळतं. रॅम वाढवली की मशीन नव्यासारखी पळते. मोडेम पाच वर्षांनी बदलावाच लागतो. लिनक्सच्या नादी लागू नका, मराठी-कन्नड चालत नाही.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

मी बेळगावच्या शहापुरात लग्नपत्रिका करतो, मराठीत आणि कन्नडमध्येही. माझी कामाची मशीन २०१४ ची. म्हणजे या हिशेबाने भंगारवाल्याने आधी माझ्याच दारात यायला हवं.

‘विंडोज १० बंद’

तारीख खरी आहे, ‘बंद’ खोटं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले, एवढंच. १५ तारखेला सकाळी मी बटण दाबलं, मशीन रोजच्यासारखी चालू झाली, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताची एक पत्रिका त्याच दिवशी छपाईला गेली.

अपडेट नाहीत म्हणजे यापुढे सापडणारी भोकं बुजवायला कोणी येणार नाही. धोका हळूहळू वाढत जातो, हे खरं. पण त्यावरही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली आहे, तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची ओळ दिसते. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवायला होकार दिला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट. मी बॅकअपला हो म्हटलं आणि दोन मिनिटांत मोकळा झालो.

बँकेचं म्हणाल तर तिथं ब्राउझर ताजा आहे की नाही हेही तितकंच बघायचं. विंडोज १० वर एज ब्राउझरला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. विंडोज ७ ची गोष्ट निराळी. तिथं क्रोम २०२३ पासून १०९ या आवृत्तीवर अडकलंय, त्यावर बँकेचं काम खरंच करू नका. आणि फोनवर ओटीपी सांगून टाकला तर काल घेतलेला लॅपटॉपही पैसे वाचवत नाही.

‘५०० रुपयांत विंडोज ११’

विंडोज ११ च्या अटी आहेत: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना फेरफार तपासणारी सोय), साधारण इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम. प्रोसेसर बसत असूनही ‘तुमची मशीन चालणार नाही’ असं येत असेल तर आधी बायोस (मशीन चालू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग्ज) उघडा. टीपीएम आत असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने, एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने सापडेल.

अटी चुकवून ११ चढवायच्या युक्त्याही आहेत, मी एका मशीनवर करून पाहिल्यात. चालतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या भीतीने १० सोडलं ती जागच्या जागीच. ५०० रुपयेवाला तर पेन ड्राइव्हवरून ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम, चालवतो आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. कुलूप बदलायला आलेला माणूस आधी कुत्रं बांधून ठेवा म्हणाला, तर आपण काय समजतो?

‘रॅम वाढवली की पळते’

मेसेज पाठवणारे ते खानापूरकडचे काका एका सकाळी चादरीत कॅबिनेट गुंडाळून बसने माझ्याकडे आले. खिशात नवीन रॅमचं पाकीट. ‘बघा की ओ, दाबून दाबून बोटं दुखली, बसतच नाही!’ बसणार कशी? मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) डीडीआर३ चा, म्हणजे रॅमच्या जुन्या पिढीचा, आणि काकांनी आणलेली पट्टी डीडीआर४ ची. दोन्हींची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० टोकं, डीडीआर४ ला २८८. एकीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरीला १.२. आणखी जोर लावला असता तर पट्टीबरोबर स्लॉटही गेला असता. घेताना जुनी पट्टी काढून दुकानात न्या, निदान तिच्यावरच्या स्टिकरचा फोटो.

काकांची मशीन टेबलावर ठेवून चालू केली. समोरच्या गाड्यावर चहा सांगून आलो, चहा आला, पिऊन झाला, तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे. शेवटी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनमध्ये कशावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला. मेमरी, म्हणजे रॅम, साठ टक्क्यांच्या आसपास, डिस्क मात्र १०० वर चिकटलेली. दुखणं तिथं होतं. फिरणारी हार्ड डिस्क एका फाइलसाठी इकडे जाते, दुसरीसाठी तिकडे, आणि प्रोसेसर नि रॅम दोघं तिची वाट बघत बसतात. अशा मशीनमध्ये तुम्ही १६ जीबी रॅम घाला, वाट बघणाऱ्यांची गर्दी तेवढी वाढेल.

काकांना रॅम परत करायला सांगितलं आणि त्या पैशात थोडी भर घालून साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, घेतली. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटाची एसएसडी पाचशेच्या पुढे. पण खरा फरक विखुरलेल्या लहान फाइली वाचताना पडतो, कारण तिच्यात फिरणारं काही नाहीच. जुन्या डिस्कवरून सगळं जसंच्या तसं नवीन डिस्कवर उतरवलं. बायोसमध्ये तारीख दरवेळी मागे जात होती, म्हणून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही बदलला. आहे ती रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, काळपट थर निघाला. (हे करताना वायर भिंतीतून काढलेली हवी, आणि आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा. अंगातली स्थिर वीज चिपला मारते.) पुन्हा बटण दाबलं तेव्हा मी चहा सांगायला उठायच्या आत डेस्कटॉप समोर होता.

रॅमचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. ४ जीबीवर क्रोमच्या दहा खिडक्या उघडणाऱ्याला ८ जीबीने नक्की सुख लागतं. मात्र विंडोज जुन्या पद्धतीचं, ३२ बिटचं असेल तर रॅम साडेतीन जीबीच्या आसपासच वापरात येते, बाकीची नुसती बसून राहते. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा आधी टास्क मॅनेजर, मग पाकीट.

‘मोडेम पाच वर्षांनी’

मोडेमला एक्सपायरी डेट नसते. आधी मोडेममधून कॉम्प्युटरला लॅनची वायर थेट लावून स्पीड मोजा. वायरवर पूर्ण मिळतो आणि वायफायवर नाही, तर दोष मोडेमचा नसून बहुधा भिंतीचा. आमच्याकडच्या जुन्या घरांची दगडमातीची हातभर भिंत वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर गिळून टाकते. तिथं नवीन मोडेम आणून उपयोग नाही, त्याची जागा बदला किंवा वायर ओढा. जुन्या मशीनचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर ३०० चा प्लॅन घेऊनही त्यातून १०० च निघणार. आणि ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे. आठाने भागा, ५ एमबी. याच गणितावरून लोक केबलवाल्याशी भांडतात.

मोडेम सारखा बंद-चालू होत असेल तर ॲडॅप्टर बदलून पाहा, तेवढेच व्होल्ट आणि निदान तेवढेच अँपिअर असलेला. खानापूरकडे पावसाच्या सुरुवातीच्या विजांनी तांब्याच्या टेलिफोन वायरीवरचे मोडेम जळतात. फायबरमधून वीज येत नाही, पण ॲडॅप्टरमधून येते, म्हणून गडगडायला लागलं की प्लग काढा. तांब्यावरून फायबरवर गेलात तर मात्र जुना मोडेम निरुपयोगी, तिथं मेसेज बरोबर.

‘लिनक्सवर मराठी-कन्नड नाही’

आहे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली; भारतीय भाषा टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात आतच असतो, आणि ‘के’च्या कळीवर मराठीतही क आणि कन्नडमध्येही क. लिनक्स मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबी रॅमवर बरं चालतं. ब्राउझर, पत्रं, उताऱ्याची प्रिंट, मुलांचा अभ्यास, सगळं होतं. होत नाही ते माझं काम: श्रीलिपीच्या (मराठी) आणि जुन्या नुडीच्या (कन्नड) फॉन्टमधल्या फाइली युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत, पेजमेकर-कोरल हे मांडणीचे प्रोग्राम विंडोजचे. म्हणून मी १० वर आहे. पण गल्लीतल्या किती जणांना पत्रिका करायच्या असतात?

आता भंगाराचं. मशीन कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातली असेल, रॅम डीडीआर२ असेल, मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे भाग) फुगून वर आले असतील, तर तिच्यावर रुपयाही घालू नका, हे मीही सांगतो. फक्त भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. आधार, पासबुक, घरातल्या लग्नाचे फोटो, सगळं तिच्यात असतं, आणि ‘डिलीट’ केलेलंही बरंच परत निघतं. बाजूचा पत्रा काढला की चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम आहे.