एव्हीआर आहे म्हणून ब्रेकर मोठा करू नका

लग्नसराई सुरू झाली की आमच्या इलेक्ट्रिशियन मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘जनरेटरला एव्हीआर (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) असेल तर व्होल्टेजची चिंता सोडा, तो सगळं सांभाळतो. व्होल्टेज उतरलं तर त्याचा स्क्रू फिरवा. ब्रेकर सारखा पडत असेल तर तो नाजूक आहे, मोठ्या अँपिअरचा बसवा.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि तिसरं तर जनरेटर जाळणारं आहे.

‘सगळं सांभाळतो’ म्हणजे काय? एव्हीआर अल्टरनेटरचं, म्हणजे जनरेटरच्या वीज बनवणाऱ्या भागाचं, व्होल्टेज बघतो आणि त्यानुसार एक्सायटरच्या फील्डला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या वाइंडिंगला, जाणारा डीसी करंट कमी-जास्त करतो. काम एवढंच. थ्री फेज सेटमध्ये तो बहुधा फेज-फेज व्होल्टेज बघतो, न्यूट्रलकडे त्याचं लक्षच नसतं. एका मंगल कार्यालयात ऐन पंगतीच्या वेळी मला बोलावलं. हॉलच्या एका बाजूचे पंखे सुसाट, दुसरीकडचे रेंगाळलेले. फेज-फेज मोजलं, बरोबर 415. न्यूट्रलशी मोजलं तर दोन फेजवर 300 च्या आसपास आणि तिसरीवर 140. पॅनेल उघडलं तर न्यूट्रलच्या लगचा (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टर्मिनलचा) नट हाताने फिरत होता, लग काळी पडली होती. फ्रीज आणि कॅमेऱ्यांचे अडॅप्टर तोवर गेले होते. हे सगळं सैल न्यूट्रलमुळे; एव्हीआर मात्र आपलं काम चोख करत होता.

स्क्रूचं सांगायचं तर आधी फ्रीक्वेन्सी बघा. चार पोलचा अल्टरनेटर 1500 आरपीएमला 50 हर्ट्झ देतो आणि तो वेग इंजिनाचं डिझेल कमी-जास्त करणारा गव्हर्नर राखतो, एव्हीआर नव्हे. डिझेल फिल्टर चोंदला, इंजिन दबलं, वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की एव्हीआर मुद्दामच व्होल्टेज उतरवतो. त्याने इंजिनवरचा भार हलका होतो आणि फील्डही तापत नाही. अशा वेळी स्क्रू फिरवून ठेवला आणि नंतर फिल्टर बदलून वेग सुधारला, की वाढवलेलं व्होल्टेज थेट उपकरणांवर येतं.

आता ब्रेकर. 25 केव्हीएचा सेट 415 व्होल्टला दर फेजला जेमतेम 35 अँपिअर देतो. त्यावर 63 चा ब्रेकर बसवलेला मी कितीदा पाहिलाय. लोक म्हणतात, ‘ओव्हरलोड झाला तर इंजिन सांगेलच की, काळा धूर येईल.’ नाही सांगत! एसी आणि गिझर एकाच फेजवर आले, तिथे 55 अँपिअर आणि बाकी दोन फेजवर दहा-दहा, तर एकूण लोड इंजिनाला सहज झेपतो. इंजिनाचा आवाज छान, धूर नाही. तापत असतं त्या एका फेजचं वाइंडिंग, आणि 63 चा ब्रेकर 55 ला पडणार नाही. जळक्या वार्निशचा वास आला की समजायचं, उशीर झाला. तो वास एकदा घेतलेला माणूस पुन्हा हा सल्ला देत नाही.

शॉर्टसर्किटमध्ये तर आणखी वाईट. सी कर्व्हचा एमसीबी (कर्व्ह म्हणजे किती पट करंटला ब्रेकर झटकन पडेल त्याचा प्रकार) झटकन पडायला त्याच्या रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे 63 ला 315 ते 630. महावितरणचा ट्रान्सफॉर्मर तो देईल. पण ज्या सेटचा एव्हीआर अल्टरनेटरच्याच आउटपुटवर चालतो, तिथे शॉर्ट झाल्यावर व्होल्टेज कोसळतं, फील्ड मरतं आणि करंटही क्षणात ओसरतो. ब्रेकर जागचा हलत नाही. एव्हीआरला वीज पुरवणारं वेगळं पीएमजी (कायम चुंबकाचा छोटा जनरेटर) असलेला सेट काही सेकंद स्वतःच्या पूर्ण लोडच्या साधारण तिप्पट करंट टिकवतो, तोही 63 ला झटकन पाडायला अपुरा. म्हणून जनरेटरवर सेटच्या रेटिंगच्या जवळचा बी कर्व्ह (सीपेक्षा कमी करंटला झटकन पडणारा) किंवा सेटिंग बदलता येणारा एमसीसीबी (मोल्डेड केसचा मोठा ब्रेकर) बघा.

ब्रेकर पडला तर तिन्ही फेजना आळीपाळीने टॉन्ग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) लावा, आकडे पॅनेलच्या दारावर खडूने लिहा आणि जड फेजवरचा एखादा एसी हलक्या फेजवर न्या. बहुतेक वेळा तेवढ्याने ब्रेकर पडायचा थांबतो.